पीएचडी करू का, विचारणाऱ्या ग्रामसेविकेला

पत्र : मी दारव्हा तालुक्यात ग्रामसेविका आहे. पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गाव अजून ग्रामसेविकाच म्हणतं. वय ३६. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून लोकप्रशासनात एम.ए. केलं, ५७ टक्के मिळाले. आता पीएचडी करावी असं फार मनात आहे. नवरा म्हणतो, पगारात काय फरक पडंल ते आधी सांग. सासूबाई म्हणतात, "आता या वयात डाक्टर होऊन काय सुया टोचशीन?" ऑफिसातले एक दादा म्हणाले, एवढं डोकं कशाला लावता, पैसे घेऊन थिसिस लिहून देणारे आहेत. विषय मी 'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण' ठरवला आहे, कारण माझ्याच गावात माहिती गोळा करता येईल. नाही तरी महिला सभा मीच घेते. ग्रामसभेच्या आधी होते, बाया बोलतात, मी लिहून घेते आणि ते ठराव पुढं कुठं जातात मलाच कळत नाही. असो. मुक्त विद्यापीठाची डिग्री चालते का? नोकरी सोडावी लागेल का? गाईड कसा मिळवायचा? इंग्रजीही कच्चं आहे.
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, प्रश्न तुम्ही शेवटी ओळीनं विचारलेत, पण पत्रातलं कामाचं वाक्य त्याच्या आधीचं आहे. ठराव कुठं जातात मलाच कळत नाही, एवढं लिहून तुम्ही 'असो' म्हणून पुढं निघालात. त्या वाक्याकडे मी परत येणार आहे. आधी कागदपत्रांच्या गोष्टी उरकून घेऊ, कारण निम्मे लोक तिथंच अडून बसतात.

मुक्त विद्यापीठाची डिग्री चालते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला युजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे. पीएचडीला एम.ए.त ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्के सूट आहे. तुम्ही तशाही वरच आहात. मायग्रेशन सर्टिफिकेट मात्र आत्ताच मागवून ठेवा, जाहिरात निघाल्यावर नाशिकला फोन लावत बसायची वेळ येऊ देऊ नका. यवतमाळ जिल्हा अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात येतो, पण नोंदणी तिथंच करा असं कुणी म्हणत नाही. नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य या विषयाचा स्वतंत्र विभाग स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच सुरू झाला. देशातल्या अशा सगळ्यात जुन्या विभागांत तो मोडतो. गावकारभारावर काम करायचं तर ते दार ठोठावून पाहायला हरकत नाही.

प्रवेश पेटमधून, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून मिळेल की नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर, हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावं लागतं. युजीसीनं २०२४ पासून नेटचे गुण पीएचडीच्या प्रवेशाला धरायची सोय केली आहे : ७० टक्के भार नेटच्या गुणांना, ३० टक्के मुलाखतीला. नेट वर्षातून दोनदा होते आणि निव्वळ पीएचडीच्या पात्रतेसाठी वयाची अट नाही. वयाची अट आहे ती जेआरएफ या फेलोशिपला, ती गाडी तुमच्यासाठी निघून गेली. पण पगार घेणाऱ्या माणसाला फेलोशिप तशीही मिळत नाही, तेव्हा हळहळू नका. लोकप्रशासनाचा नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नसतो. तुम्हाला हिंदी जड जाणार नाही. विदर्भात राहून हिंदी कच्ची असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

नोकरी सोडायची नाही. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, बजावून सांगतो. युजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला मुभा आहे. त्यासाठी नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी याव्या लागतात : अर्धवेळ शिक्षणाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे सुरुवातीच्या अभ्यासक्रमासाठी, तुम्हाला मोकळं केलं जाईल. तुमचा अर्ज गटविकास अधिकाऱ्यांमार्फत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जाईल. तिसऱ्या वाक्यावर साहेब अडतील, कारण ग्रामसेवक मोकळा करायचा म्हणजे त्याचं गाव दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. त्याचं वेळापत्रक विद्यापीठाकडून लेखी घ्या, अर्जित रजा किती शिल्लक आहे ते सेवापुस्तकात पाहा, आणि दोन्ही कागद अर्जाला जोडा. तोंडी विचारायला गेलात तर "बघू" एवढंच उत्तर मिळेल.

मुदत किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. त्यापुढं पुनर्नोंदणी करून दोन मिळतात, आणि बायांना आणखी दोन. म्हणजे तुम्हाला एकूण दहा. हा आकडा वाचून निवांत होऊ नका. दहा वर्षांत तुमच्या तीन-चार बदल्या होतील, मुलांची दहावी-बारावी येईल, आणि गाईड निवृत्त होईल. चार-साडेचार वर्षांत संपवायचं असं धरून बसा. आणि घरबसल्या ऑनलाइन पीएचडीच्या ज्या जाहिराती मोबाइलवर येतात त्यांच्याकडे ढुंकूनही पाहू नका, तशा पदवीला युजीसीची मान्यता नाही.

नवऱ्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तुमच्या आजच्या पदावर पीएचडीनं पगार वाढणार नाही. विस्तार अधिकारी व्हायचं तर सेवाज्येष्ठता आणि विभागीय परीक्षा, त्यात नावापुढं 'डॉ.' असण्याचा उपयोग नाही. कॉलेजात जाण्याचं म्हणाल, तर सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) हीच किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक आहे, हे युजीसीनं जुलै २०२३ मध्ये जाहीर केलं. म्हणजे त्या नोकरीला पीएचडी लागतेच असं नाही. त्यात जागा किती निघतात आणि निघाल्या की गावागावांत आधी 'रेट काय चाललाय' याचीच चर्चा कशी होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तासिका तत्त्वावर शिकवणारी डॉक्टर मंडळी विदर्भात ठायी ठायी आहेत; त्यांतले कित्येक तुमची नोकरी मिळाली असती तर बरं झालं असतं म्हणतील. फार तर उद्या यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेकडे प्रवीण प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव जाऊ शकतं, पंचायतीवर कुणी समिती नेमली तर तुम्हाला बोलावणं येऊ शकतं. पण या भरवशावर घरात काही कबूल करू नका. नवऱ्याला सरळ सांगा, फरक शून्य पडंल, आणि खर्च होईल तो वेगळा. खोटं सांगून सुरू केलेली पीएचडी दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघरात अडते.

थिसिस लिहून देणाऱ्यांबद्दल एकच सांगतो. युजीसीचे वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ पासून लागू आहेत, १० टक्क्यांच्या वर साम्य निघालं की कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात, आणि पदवी मिळाल्यावर चोरी उघड झाली तरी सुटका नाही. पण समजा सॉफ्टवेअरनं पकडलं नाही. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत तर तुम्हीच बसणार. बाहेरून आलेला परीक्षक तिसऱ्या प्रकरणातलं कोष्टक उघडून विचारेल, हा आकडा कुठून आला? त्या वेळी ऑफिसातले दादा शेजारच्या खुर्चीवर नसतील. शिवाय तुम्ही लोकसेवक आहात, तुमच्या नोकरीला आचरणाचे नियम लागतात. त्या दादांचा चहा प्या आणि विषय बदला.

आता तुमच्या विषयाकडे येतो. 'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण' हा विषय नाही, ते योजनेच्या बोर्डावरचं नाव आहे. शोधगंगा या संकेतस्थळावर विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. तिथं जाऊन विदर्भातल्या पंचायत राजवरचे पाच-सात प्रबंध नजरेखालून घाला. पुष्कळांची नावं एकाच साच्यातली दिसतील, 'अमुक जिल्ह्यातील महिला सरपंचांच्या भूमिकेचे चिकित्सक अध्ययन, विशेष संदर्भ तमुक तालुका'. आत ३०० प्रश्नावल्या, होय-नाही-सांगता येत नाही, टक्केवारी, एक गोल आलेख. शेवटी शिफारस काय, तर महिलांना प्रशिक्षण द्यावे. हे शोधायला चार वर्षं कशाला लागतात? असे प्रबंध मी खूप वाचलेत आणि त्यांतला एकही वाचून गावातला एकही कागद हललेला पाहिला नाही.

तुमच्याकडे त्याहून चांगला प्रश्न आहे, आणि तो तुम्ही 'असो' म्हणून सोडून दिलात. कायद्यानं नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथले ठराव ग्रामसभेपुढं यायला हवेत, तिथून 'आमचं गाव, आमचा विकास'च्या आराखड्यात, मग अंदाजपत्रकात, आणि शेवटी व्हाउचरवर. पाच ठिकाणं, आणि पाचही ठिकाणी कागद आहे. म्हणजे बायांनी बोललेली एक गोष्ट कुठल्या टेबलावर गळाली, हे दाखवता येतं. संशोधक याच्यासाठी जीव टाकतात.

एखादा ठराव घ्या. वस्तीतल्या हातपंपाजवळ पाणी साचतं, धुण्याचा ओटा आणि नाली करून द्या. महिला सभेच्या प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे इतिवृत्तात हे आलं. ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये आलं का? आलं तर 'महिला सभेच्या सूचनांची नोंद घेण्यात आली' या एका ओळीत सगळ्यांचं गाठोडं बांधलं का? आराखड्यात नाली आली, पण जागा बदलून सरपंचाच्या गल्लीत गेली का? की आराखड्यात आली, पण पंचायत समितीच्या शाखा अभियंत्यानं कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रकच केलं नाही? पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. तेव्हा हातपंपाच्या नालीला पैसा नव्हता असं म्हणायला जागा नाही. मग पैसा असताना ती का झाली नाही? ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आराखडा आणि खर्च दोन्ही दिसतात, नमुना ५ ची रोकड वही पंचायतीत असते. हे जुळवून पाहायला परदेशी लेखकाचा सिद्धांत लागत नाही. तो नंतर लावा; गाईड सांगतीलच, आणि त्याचाही उपयोग होतो.

१९९३ मध्ये ७३ व्या घटनादुरुस्तीनं बायांना पंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. सरपंचबाईंवर त्यामुळे भरपूर लिहिलं गेलं. सरपंच नसलेल्या, फक्त सभेत उठून बोलणाऱ्या बाईचं वाक्य पुढं कुठवर पोचतं, यावर फार कमी आहे.

पण यात एक अडचण आहे, आणि ती तुम्ही स्वतः आहात.

तुम्ही लिहिता की माझ्याच गावात माहिती गोळा करता येईल. करू नका. तुमच्या गावातलं प्रोसिडिंग तुमच्या हातानं लिहिलेलं आहे. ग्रामसभेला गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० लोक, यांतले जे कमी असतील तेवढे लागतात. पंचायतीचा चपराशी रजिस्टर काखेत मारून संध्याकाळी घरोघर सह्या घेत फिरतो, हे कुठल्या पंचायतीत होतं आणि कुठल्या होत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या पंचायतीत होत असेल तर प्रबंधात काय लिहाल? लिहिलंत तर चौकशी तुमचीच, नाही लिहिलंत तर प्रबंध खोटा. आणि मुलाखतीचं तर विचारूच नका. घरकुलाच्या यादीत नाव असलेली बाई तुमच्यासमोर बसून "सभेत आमचं कुणी ऐकत नाही" असं म्हणेल? ती म्हणेल, सगळं मस्त चाललंय मॅडम, चाय घ्या. तुमच्या नात्यातल्या मास्तरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला तर उत्तर वेगळं येईल.

म्हणून गाव बदला, तालुकाच बदला. माझी सूचना अशी : दारव्हा सोडून जिल्ह्यातल्या दोन प्रकारच्या पंचायती घ्या. एका बाजूला साध्या, दुसऱ्या बाजूला केळापूर, झरी-जामणीकडच्या पेसा गावांतल्या. पेसा हा आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. तिथं पाड्याची वेगळी ग्रामसभा होऊ शकते आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट त्या पंचायतींना जातो. सभा लहान आणि पैसा मोकळा असेल तर बाईचा ठराव जास्त पुढं जातो का? कदाचित जात असेल. कदाचित तिथंही ग्रामसेवकाच्याच पेनात अडकत असेल. आधीच उत्तर ठरवून जाऊ नका, एवढंच. तुलना असली की प्रबंधाला कणा येतो. गडचिरोलीत बंग डॉक्टर दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचं काम ३९ गावांत केलं आणि ४७ गावांशी ताडून पाहिलं. १९९९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि पुढं देशभरच्या आशाताईंच्या कामात उतरलं. ताडून पाहायला दुसरी गावं नसती तर ते एका चांगल्या डॉक्टर दांपत्याचं चांगलं काम एवढंच राहिलं असतं. तुम्हाला इतक्या गावांची गरज नाही, दोन्हीकडची सहा-सहा पुरेत. पण प्रत्येक गावाचे सलग तीन वर्षांचे कागद काढा.

गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावालाही एकदा जाऊन या. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्ही प्रशिक्षणात ऐकली असेल. घोषणेपेक्षा तिथला अभ्यास गट पाहण्यासारखा आहे : निर्णय घेण्याआधी त्या विषयाचा गावानं बसून अभ्यास करायचा, आणि मग सर्वसहमतीनं ठरवायचं. पदवीशिवाय संशोधन कसं चालतं ते तिथं दिसेल.

कागद मिळवायचे कसे? माहितीच्या अधिकारात अर्ज करण्याचा मोह होईल. १० रुपये, ३० दिवस, राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. रस्ता कायदेशीर आहे, पण स्वतःच्याच जिल्हा परिषदेत बाकीच्या ग्रामसेवकांवर अर्ज टाकत सुटलात तर महिनाभरात तुमच्याशी कुणी बोलणार नाही. गाईडचं पत्र जोडून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची लेखी परवानगी काढा आणि पंचायतीत जाऊन दप्तर बघा. ज्याचं दप्तर बघताय त्याला पहिल्याच दिवशी सांगा की गावाचं आणि त्याचं नाव प्रबंधात येणार नाही. आणि ते पाळा. तुमच्या खुर्चीचा खरा फायदा इथं आहे. बाहेरून आलेला विद्यार्थी रोकड वही उघडून नुसता बघत बसेल. तुम्हाला ती वाचता येते. ओळीत काय लिहिलंय हेही कळतं, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम इतकी व्हाउचरं का आली हेही.

बायांच्या मुलाखती कधी घ्यायच्या, हे गाईड सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. निंदणाच्या दिवसांत दुपारी गाव ओस असतं. दसऱ्यानंतर सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणी, तेव्हा बाई दिवसाची मजुरी सोडून तुमच्याशी बोलणार नाही, आणि बोलावंही नये. होळीनंतरचे दिवस बरे. ऊन असतं, पण सांजेला ओसरीवर बाया भेटतात, आणि १ मेची ग्रामसभा तोंडावर असते. मध्येच आचारसंहिता लागली तर सभाच होणार नाहीत. तेवढी सवड वेळापत्रकात ठेवा.

गाईड. लोकप्रशासनाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक थोडे आहेत. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा रिकामी आहे का हे आधी विचारा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, तेव्हा ओळखीचे जुने सर कितीही चांगले असले तरी त्यांच्या भरवशावर राहू नका. नाव मोठं आहे म्हणून गाईड निवडू नका. ज्यांच्याकडे आधी पीएचडी करून गेलेत त्यांना दोनच गोष्टी विचारा : सर प्रकरण वाचून परत किती दिवसांत देतात, आणि घरची कामं सांगतात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक तोंडी देत नाहीत, चेहऱ्यावर वाचावं लागतं. भेटायला जाताना चार पानी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाची रूपरेषा घेऊन जाऊ नका. महिला सभेच्या एका ठरावाची गोष्ट एका पानात लिहा, कागद कुठं गळाला त्यासकट, आणि ते पान पुढं ठेवा. वाचून ज्यांनी तुम्हाला उलट प्रश्न विचारला ते गाईड बरे. ज्यांनी "विषय जरा व्यापक करा" म्हटलं त्यांच्याकडचा चहा पिऊन परत या. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून दारव्ह्याहून अमरावती म्हणजे एसटीचाच प्रवास, तेव्हा आधी फोन करून जा.

इंग्रजीची फार धास्ती घेऊ नका. मराठीत प्रबंध लिहायला विद्यापीठ परवानगी देतं का ते नोंदणीच्या वेळीच लेखी विचारा. आपल्याकडे सामाजिक शास्त्रांचे कितीतरी प्रबंध मराठीत आहेत. पण इंग्रजी वाचता यावंच लागेल, त्यातून सुटका नाही. रोज एक पान वाचा, त्यातली अडलेली दोन वाक्यं वहीत उतरवा. आणि सुरुवातीलाच पैसे भरून कुठल्याशा मासिकात लेख छापून आणायच्या नादी लागू नका. २०२२ च्या नियमांत थिसिसआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती राहिलेली नाही. तुमचं विद्यापीठ वेगळं म्हणत असेल तर नियम दाखवायला सांगा.

सासूबाईंचं मला उत्तर सुचत नाही. पण त्या महिला सभेला कधी गेल्यात का, ते विचारा. गेल्या असतील तर पहिली मुलाखत घरातच घ्या. सरावाची म्हणून, प्रबंधात धरायची नाही.

मग करायची की नाही? पुढच्या महिला सभेपर्यंत थांबा. तिथले ठराव वेगळ्या वहीत लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी त्यांचं काय झालं ते बघा. बघायचा कंटाळा आला तर पीएचडीचा विचार सोडून द्या, काही बिघडत नाही. आणि रात्री जेवणं उरकल्यावर ती वही परत उघडावीशी वाटली, तर परवानगीचा अर्ज टाका. टाकताना आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा; ही सवय तुम्हाला मी लावायला नको.